ऊसतोडीच्या गावात मुक्त शिक्षण: आधी कॅलेंडर, मग पुस्तकं

गेवराई तालुक्यातल्या बचत गटांच्या एका ग्रामसंघाच्या ताईंनी विचारलं आहे: गटातल्या पंचवीस-तीस बाया आणि मुली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला तयार आहेत. कुणी सातवीतून शाळा सोडली, कुणी दहावी नापास, दोघी-तिघी बारावी पास. निम्म्या घरांतली माणसं ऊसतोडीला जातात. गावात मुक्त विद्यापीठाचं केंद्र आणता येईल का, आणि यातून खरंच काही पदरात पडेल का?

ताई, केंद्राचा विषय आधी बाजूला ठेवा. अधिकृत अभ्यास केंद्र मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांकडेच असतं. खोल्या, ग्रंथालय, समंत्रक (मार्गदर्शन करणारे शिक्षक), परीक्षेची सोय असं बरंच काही त्यासाठी लागतं. फ्रँचायझीवर केंद्र चालवायला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात बंदी आहे. म्हणून ‘पैसे भरा, तुमच्या गावाला केंद्र मिळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तुम्हाला हवा आहे तो अभ्यास गट. त्याला कुणाची मान्यता लागत नाही. प्रवेश जवळच्या केंद्रावर घ्यायचा, अभ्यास गावात करायचा.

मुक्त शिक्षण विषय अवघड असल्यामुळे क्वचितच बुडतं. ते बुडतं तारखांमध्ये. फॉर्मची तारीख, परीक्षा शुल्काची तारीख, गृहपाठाची तारीख. तुमच्याकडे तर या तारखा आणि कारखान्याचा पट्टा, म्हणजे गाळपाचा हंगाम, यांची थेट टक्कर आहे. त्यामुळे अभ्यासक्रम निवडण्याआधी भिंतीवर कॅलेंडर लावा.

दसऱ्याला टोळ्या हलायला लागतात, दिवाळीनंतर गाव रिकामं होतं आणि माणसं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. आता परीक्षा बघा. राज्य मंडळाची दहावी-बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे गाळपाच्या ऐन भरात. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरलेली बाई तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, असते. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, मुकादम सोडत नाही, आणि एकटी निघाली तर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडीची जोडी, मोडतो. तिचा पेपर बुडणार हे फॉर्म भरतानाच ठरलेलं असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, वर्षातून दोनदा परीक्षा घेते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेची परीक्षा तुमच्या गावासाठीच ठेवल्यासारखी आहे. माणसं घरी असतात, शेतात काम कमी असतं. ऑक्टोबरची मात्र सोयाबीनची काढणी आणि निघायची घाई यांत सापडते, ती सोडून द्या.

म्हणून ढोबळ नियम असा: जी बाई गावातच राहते आणि जिला मराठी पुस्तकांची, राज्य मंडळाच्या पद्धतीची सवय आहे, तिला १७ नंबर. जी तोडीला जाते, तिला एनआयओएस. दोन्हींची प्रमाणपत्रं पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला चालतात.

पण यात एक मेख आहे. एनआयओएसचा प्रवेश आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. एप्रिल-मेच्या परीक्षेचं शुल्क भरायची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते, तेव्हा सगळ्या कोपीवर असतात. गाड्या भरायच्या आधीच प्रत्येकीचं परीक्षा शुल्क गटाच्या खात्यात जमा करून घ्या. तिचा नोंदणी क्रमांक, पासवर्ड आणि कोणते विषय द्यायचे ते वहीत लिहून ठेवा. मुदत उघडली की गावात राहिलेल्या एकीने सगळ्यांचे अर्ज भरायचे. मुदतीच्या नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, संकेतस्थळावर बघून त्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता कोणती बाई कोणत्या वाटेने जाईल ते ठरवा. फॉर्म वाटण्याआधी एक साधी चाचणी घ्या: चौथीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायला द्या, मग त्यातलं काय कळलं ते दोन ओळीत लिहायला सांगा. दाखल्यावर सातवी पास असलं तरी पंधरा वर्षं पुस्तक हातात नसेल तर वाचन अडखळतं. अशा बाईला थेट दहावीच्या पुस्तकाशी बसवलं तर ती तिसऱ्या बैठकीला येत नाही, आणि न येण्याचं खरं कारण कधीच सांगत नाही. पाहुणे आले होते, असं सांगते. तिला आधी दोन महिने नुसतं वाचन-लेखन द्या.

अक्षरओळखच नसेल त्यांच्यासाठी पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम आहे, तो जिल्हा परिषदेच्या शाळेमार्फत चालतो. त्याच्या पुढच्यांना एनआयओएसच्या मुक्त बेसिक शिक्षणाचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत. राज्य मंडळाच्या मुक्त विद्यालयातही पाचवी आणि आठवीची सोय आहे.

पाचवीच्या पुढे शिकून शाळा सोडलेल्यांसाठी दहावीचा १७ नंबर फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जुनी शाळा बंद पडली असेल किंवा रजिस्टर सापडत नसेल तर महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरका. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. लातूर, नांदेड, धाराशिव हे लातूर मंडळात. कुणाचं माहेर तिकडचं असेल तर जुनी कागदपत्रं कुठून काढायची ते यावरून ठरेल.

दहावी नापास झालेल्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण त्या काठावर उभ्या आहेत. राज्य मंडळात पास झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण एनआयओएसकडे वळवून घेता येतात. त्याला वर्षांची मर्यादा असते, म्हणून गुणपत्रिकेवरचं साल आधी बघा. मग उरतात तीन विषय. एनआयओएसमध्ये पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही. गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेता येतात. उत्तीर्ण व्हायला शंभरात ३३ लागतात, प्रवेश पाच वर्षं टिकतो, आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं.

मात्र गणित टाळायच्या आधी प्रत्येकीला विचारा, पुढे काय करायचंय? आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावीला गणित-विज्ञान लागतं. सतरा वर्षांच्या पोरीला गणित सोडायला लावणं म्हणजे तिचं एक दार बंद करणं. पंचविशीतल्या बाईला अंगणवाडीच्या भरतीत उतरायचं असेल, तर तिला बारावीपर्यंत पोचणं महत्त्वाचं. सेविका आणि मदतनीस दोन्हींना आता बारावी लागते आणि उमेदवार गावचीच असावी लागते. अशा बाईने बीजगणितात दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना एकच विषयांचा गट देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण नेमकी तीच चूक सर्वत्र होते. आणखी एक: दहावीला एनआयओएसची पुस्तकं मराठीत आहेत, बारावीच्या प्रत्येक विषयाचं मराठी पुस्तक मिळेलच असं धरू नका. प्रवेशाआधी विषयवार खात्री करा.

बारावी पास असलेल्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. मराठवाड्यासाठी त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथे आहेत. मराठीतून बी.ए. करता येतं. निवडलेला अभ्यासक्रम वार्षिक आहे की सत्राचा, हे प्रवेशाआधी विचारा. सत्राचा असेल तर हिवाळी परीक्षा पुन्हा तोडीच्या दिवसांत येते. पदवी ‘घरबसल्या’ची म्हणून कमी दर्जाची, ही भीती घालवा. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. उलट बाजूही माहीत असू द्या: अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणातून देताच येत नाहीत. बसस्टँडजवळच्या एखाद्या दुकानात ‘घरबसल्या नर्सिंग’चा बोर्ड दिसला तर तिथे पैसे आणि मूळ कागद दोन्ही देऊ नका.

वेळेचा हिशोबही आधीच सांगून टाका. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे अभ्यासाचे ३० तास. पदवीला वर्षाला चाळीस श्रेयांक धरले तर १,२०० तास, म्हणजे ५२ आठवड्यांना वाटले तर आठवड्याला २३ तास, दिवसाला सव्वातीन तासांहून जास्त. शेत, स्वयंपाक, लेकरं आणि सासू-सासरे सांभाळून सव्वातीन तास कुठून येणार, हा प्रश्न घरच्यांसमोर विचारायचा. नवरा आणि सासू त्या बैठकीला हवेत. संध्याकाळची भाकरी आठवड्यातून दोन दिवस दुसरं कुणी टाकणार का, एवढं एक उत्तर मिळालं तरी पुष्कळ.

आता वर्षाची आखणी. एप्रिल-मेमध्ये चाचणी आणि कागद. जून-जुलैत प्रवेश. एनआयओएसची पुढच्या एप्रिलच्या परीक्षेसाठीची मुदत साधारण जुलैअखेर संपते. मग जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अभ्यासाचे खरे आठवडे मिळतात, धरून चला दहा. खुरपणीचा जोर असेल तेव्हा त्यातलेही एक-दोन जातील. आठवड्याला दोन बैठका, दोन-दोन तासांच्या, म्हणजे सगळे मिळून चाळीस तास. चाळीस तासांत पाच विषय होत नाहीत. म्हणून प्रवेश पाचही विषयांना घ्या, पण पहिल्या एप्रिलच्या परीक्षेला दोन किंवा तीनच विषय द्या. त्यात मराठी आणि ज्या विषयाची सगळ्यात कमी भीती वाटते तो. पहिल्या निकालात दोन विषय सुटले की बाई दुसऱ्या वर्षी स्वतःहून येते. पाच भरून चार राहिले की ती कायमची गेली.

गट आठ ते बारा जणींचा ठेवा. पंचवीस असतील तर तीन गट करा, पण वाचता येणाऱ्या आणि अडखळणाऱ्या एकत्र बसू द्या. जागा शाळेची खोली, समाजमंदिर, काहीही चालेल. अट दोनच: दिवा हवा, आणि रात्री बाईला एकटीने घरी जाता येईल इतकी ती जवळ हवी. तांडा वेगळा असेल तर गट तांड्यावरच भरवा. त्यांना गावात बोलावू नका, पावसाळ्यात ते अंतर दुप्पट होतं.

बैठकीत काय करायचं? व्याख्यान नको. मुक्त शिक्षणाची पुस्तकं मुद्दाम वेगळी रचलेली असतात: सुरुवातीला उद्दिष्टं, मजकुराच्या मध्ये छोटे प्रश्न, शेवटी सारांश आणि उत्तरं. बहुतेक जणी मधले प्रश्न सोडून पुढे वाचतात, आणि तिथेच पुस्तक वाया जातं. पंधरा-वीस मिनिटं एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी बोट ठेवून बघायचं. मधला प्रश्न आला की थांबायचं, पेन्सिलीने पुस्तकातच उत्तर लिहायचं, शेजारणीशी पडताळायचं आणि मग मागचं उत्तर बघायचं. शेवटच्या अर्ध्या तासात जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घड्याळ लावून लिहायचा. लिहायचा वेग हा या बायांचा सगळ्यात मोठा अडसर आहे. उत्तर येतं, पण हात चालत नाही, आणि तीन तासांच्या पेपरात निम्मे प्रश्न कोरे राहतात. जुलैमध्ये अर्ध्या तासात अर्धं पान होत असेल, तर ऑक्टोबरपर्यंत ते दीड पानावर यायला हवं. वहीत मोजा.

बरोबर बसून शिकण्याने किती फरक पडतो, याचा जुना पुरावा मराठी मुलखातलाच आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे परिसरातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट बसवले होते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, मग गटात चर्चा. ज्या गावांत असे गट बसले, तिथल्या लोकांच्या ज्ञानात भर पडल्याचं मोजणीत स्पष्ट दिसलं. नुसता रेडिओ होता पण गट नव्हता, तिथे ती फारच थोडी होती. रेडिओच्या जागी मोबाइल आला, बाकी गणित तेच आहे.

तोडीला जाणाऱ्यांसाठी ‘पाकीट’ तयार करा. प्लास्टिकच्या पिशवीत एक दोनशे पानी वही, दोन पेनं, पेन्सिल आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे वीस अभ्यासपत्रिका. पत्रिका दोन पानांची, त्यात पुस्तकातली पानं कोणती वाचायची ते आणि पाच प्रश्न. एका पाकिटाच्या चाळीस झेरॉक्स दोन रुपयांनी ऐंशी रुपयांत होतात. पूर्ण पुस्तकं नेऊ देऊ नका, कोपीत ती भिजतात नाहीतर चुलीजवळ पिवळी पडतात. लागणारे पाठ सुटे करून द्या. पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला असलेल्या बाईकडून जास्त अपेक्षा करू नका. आठवड्याला दोन तास मिळाले तरी अक्षर मोडत नाही, हाच पाकिटाचा उद्देश. खरी उजळणी पाडव्यानंतरच्या तीन आठवड्यांत, रोज दोन तास.

फोनवर व्हिडिओ पाठवायचा मोह आवरा. पाच मिनिटांचा व्हिडिओ पंधरा-वीस एमबी खातो, आवाजी संदेश मिनिटाला शे-दीडशे केबीत होतो. कोपीवर चार्जिंगच मारामारीचं. ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा कारखान्याच्या टपरीवर एकदा फोन लावला की दोन दिवस पुरवायचा. पाच ते सात मिनिटांचा आवाज, एका वेळी एकच मुद्दा, आठवड्यातून दोनदा. साधा बटणांचा फोन असेल तर निघायच्या आधी मेमरी कार्डात सगळे धडे भरून द्या. नेहमी फोन नवऱ्याकडे असतो, म्हणून धडा रात्री जेवणानंतर ऐकायचा असं ठरवून ठेवा. नवराही ऐकतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

एनआयओएसच्या गृहपाठाला प्रत्येक विषयात २० टक्के वजन आहे. एकीने लिहायचं आणि अकरा जणींनी उतरवायचं, असं हमखास होतं. गुण मिळतात, पण परीक्षेला हात रिकामे राहतात. गृहपाठ बैठकीतच, सगळ्यांनी एका वेळी लिहायचा आणि गाड्या हलायच्या आत पुरा करायचा.

नावाच्या घोळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मेहनत करूनही प्रमाणपत्र निरुपयोगी ठरतं ते इथे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. प्रवेश दाखल्यावरच्या नावानेच घ्या, म्हणजे दहावी, बारावी, पदवी एकाच नावाची साखळी राहते. आधारचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. जन्मतारीख दोन कागदांवर वेगळी असेल तर ती प्रवेशाआधी दुरुस्त करा. निकालानंतर दुरुस्ती करायला महिने जातात आणि भरती निघून जाते. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

दुसरा घोळ ओटीपीचा. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकून फॉर्म भरतो. सहा महिन्यांनी हॉलतिकीट काढायचं असतं, आणि तोवर त्याचं दुकान बंद झालेलं असतं किंवा नंबर बदललेला असतो. फॉर्म भरताना गटातली एकजण शेजारी बसेल, नंबर बाईचा किंवा गटाचा असेल, आणि पासवर्ड तिथल्या तिथे वहीत उतरेल. ही वही कोण सांभाळणार, ते नावानिशी ठरवा. पूर्ण वेळ शिक्षक नसला तरी चालेल, वहीवाली मात्र हवीच. ती तोडीला न जाणारी असावी आणि तिला ग्रामसंघाने थोडंफार मानधन द्यावं. फुकटातलं काम दिवाळीपर्यंतच टिकतं.

परीक्षा केंद्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला मिळतं. हॉलतिकीट हातात आलं की त्याच दिवशी एसटीचं वेळापत्रक बघा. पहिली गाडी वेळेत पोचत नसेल तर सगळ्यांनी मिळून जीप ठरवा. अंगावर पिणारं लेकरू असेल तर सांभाळायला एक आजी सोबत न्या. ‘केंद्रावर सगळं मॅनेज होतं’ अशी कुजबुज होईल, दोन हजार रुपये मागणारा माणूसही भेटेल. त्या वाटेने गेलेल्या बाईचा निकाल राखून ठेवला गेला तर पुढे सगळा गट बदनाम होतो. हे जुलैतच बजावून ठेवा, एप्रिलमध्ये सांगून उपयोग नाही.

पदरात काय पडेल, हा तुमचा दुसरा प्रश्न. नुसत्या दहावीने घरात पैसा येत नाही, हे उघड आहे. प्रमाणपत्राच्या जोडीला कमाईचं एक शिक्षण त्याच गटात चालवा. तुमच्याकडे सगळ्यात सोपं म्हणजे शेळी. राष्ट्रकुल देशांनी १९८७ साली स्थापन करायचं ठरवलेल्या कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या दूरशिक्षणाच्या संस्थेने तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात शेळी पाळणाऱ्या बायांना मोबाइलवर आवाजी धडे दिले. धड्यांसोबत बँकेचं कर्जही जोडलं होतं. ही जोड महत्त्वाची. शिकलेलं वापरायला पैसा नसेल तर धडा विसरतो, आणि शिक्षणाशिवाय कर्ज काढलं तर शेळी मरते.

तुमच्याकडे उस्मानाबादी शेळी आहे, ती बहुतेक वेळा जुळी देते. धड्यांचा क्रम तिच्या अंगाने लावा. गाभण काळ सुमारे १५० दिवस, त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवायचा. करडू जन्मल्यावर नाळेला टिंक्चर आयोडीन, आणि पहिल्या तासाच्या आत चीक. पावसाळ्याआधी जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. प्रत्येक संदेश मिनिट-दीड मिनिटाचा, आणि त्याच्या शेवटी एक काम: आज शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आतून फिकट पांढरी दिसली तर रक्त कमी आहे, जंताची शंका घ्या. पुढच्या बैठकीत किती जणींनी बघितलं ते विचारायचं. आवाज जवळच्या पशुवैद्यकाचा असला तर उत्तम, पण भाषा तुमचीच हवी. ‘आहार व्यवस्थापन’ म्हटलं की ऐकणं थांबतं, ‘खुराक’ म्हटलं की कान टवकारतात. सगळे मिळून तीस संदेश पुरेत. शेळीचं खर्च-उत्पन्न मांडताना टक्केवारी आणि बेरीज-वजाबाकी आपोआप शिकली जाते, तो तास गणिताच्या बैठकीत धरा.

निकाल लागल्यावर एक काम उरतं. जिचे विषय राहिले तिच्या घरी त्याच आठवड्यात जा, राहिलेल्या विषयांचा अर्ज पुन्हा केव्हा भरायचा ती तारीख वहीत लिहा आणि तिच्या घरातल्या कॅलेंडरवरही खूण करा. जी पास झाली तिची गुणपत्रिका लॅमिनेट करू नका, मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली तर अडचण होते. प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा आणि एक प्रत डिजिलॉकरवर घ्या.